दुसऱ्या शब्दाचे गाव

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात एसटीच्या काचेमागे लावलेल्या पाटीवर ‘देवगाव रंगारी’ अशी अक्षरे असतात. त्यांतला पहिला शब्द पत्ता सांगतो आणि दुसरा तो पत्ता चुकू नये म्हणून सोबतीला आलेला असतो. देवगाव नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत की नुसते ‘देवगाव’ म्हणून तिकीट मागणाऱ्याला वाहक ‘कोणतं?’ असे विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि याच प्रश्नाचे कायमचे उत्तर म्हणून गावाच्या नावाला शेपूट जोडले जाते. अशी जोडनावे या मुलखात जागोजागी आढळतात: चिंचोलीला लिंबाजी भेटला, पिंपळगावाला बसवंत, देऊळगावाला राजा, आणि लासूरला तर चक्क स्टेशन. कन्नड तालुक्यातल्या या देवगावाच्या वाट्याला मात्र राजा नाही, संत नाही, पाटील नाही. त्याच्या वाट्याला रंगारी आला, म्हणजे कापड रंगवून देणारा, कोपरापर्यंत हात रंगलेला आणि नखांच्या कडांत तो रंग कायमचा मुरलेला कारागीर.

नावाला शेपूट जोडण्याची गरज खेड्यांनाच पडते असे नाही. भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, इ.स.पू. ३३१ मध्ये जे शहर आखले गेले त्यालाही ती पडली. कारण ज्याच्या नावाने ते वसले तो अलेक्झांडर जाईल तिथे आपल्याच नावाची शहरे वसवीत गेला. अशी शहरे सत्तराहून अधिक होती असे प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. आकडा फुगलेला असेल, पण एका नावाची पाच-सात शहरे असली तरी व्यापाऱ्याच्या पत्राला वाट चुकण्यास तेवढी पुरेत. म्हणून रोमन काळात या शहराला लॅटिनमध्ये ‘अलेक्झांड्रिया ॲड ईजिप्टुम’ म्हणत, म्हणजे इजिप्तजवळची अलेक्झांड्रिया. ‘इजिप्तमधली’ नव्हे, ‘इजिप्तजवळची’. जणू हे शहर त्या देशाच्या ओसरीवर बसले आहे, घरात आलेले नाही, आणि त्याचे तोंड अंगणाकडे, म्हणजे समुद्राकडे आहे. देवगावाच्या दुसऱ्या शब्दाने गावातले हात सांगितले, अलेक्झांड्रियाच्या दुसऱ्या शब्दाने शहराची बसण्याची तऱ्हा सांगितली. पुढे बाकीच्या अलेक्झांड्रिया विस्मरणात गेल्या, ही एकटी मोठी झाली, आणि अरबी जिभेवर नुसते ‘इस्कंदरिया’ उरले.

मराठवाड्यातून त्या किनाऱ्यावर पोचणाऱ्या प्रवाशाची समुद्राशी ओळख कोकणी माणसासारखी मागीलदारची नसते. त्याने पाहिलेला पहिला समुद्र बहुधा पैठणचा असतो. जायकवाडी धरणाच्या अफाट पाण्याला लोकांनी एकनाथांच्या नावाने नाथसागर म्हटले, आणि त्या नावात दुष्काळी मुलखाची थोडी हौसही आहे. हा सागर पावसाळ्यानंतर तुडुंब होतो, उन्हाळ्यात मागे सरतो आणि सरताना गाळपेराची काळी, भेगाळलेली जमीन उघडी टाकतो. मात्र दिवसातून दोनदा आत-बाहेर करण्याची खऱ्या समुद्राची खोड त्याला नाही. भूमध्य समुद्राजवळ उभे राहिल्यावर या प्रवाशाला जे जाणवते ते मुंबईकराला किंवा रत्नागिरीकराला जाणवेलच असे नाही: हा समुद्रही जवळजवळ जागचा हलत नाही. जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून महासागराची भरती आत पुरेशी शिरू शकत नाही, त्यामुळे अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर पाणी चढते-उतरते ते वीत-दीड वीत. लाटा असतात, हिवाळ्यात तर रस्त्यावर उसळतात, पण पुळण उघडी पडून मुलांना शिंपले वेचायला मिळावेत अशी ओहोटी नसते. भूमध्य म्हणजे जमिनीच्या मधला. नाथसागरही जमिनीच्या मधलाच. लांबीरुंदीचा आणि खारटपणाचा फरक सोडला तर दोन्ही पाण्यांचा स्वभाव एका कुळीचा वाटावा, इतके ते पाणी घरगुती दिसते.

शहराच्या आखणीची एक कथा प्लुटार्कने दिली आहे. रेषा जमिनीवर ओढायला खडू हाताशी नव्हता, तेव्हा सातूचे पीठ आणून शहराची हद्द आखली, आणि बघता बघता नदीवरून आणि सरोवरावरून पाखरांचे थवे उतरले व त्यांनी सगळी आखणी टिपून खाल्ली. अलेक्झांडर अस्वस्थ झाला. शकुन सांगणाऱ्यांनी मात्र हे शहर पुष्कळांचे पोट भरील असा अर्थ काढून वेळ मारून नेली. उंबऱ्यापुढे पिठाची रांगोळी घालणाऱ्या आणि ती मुंग्या-चिमण्यांनी खावी म्हणूनच पिठाची घालणाऱ्या देशातल्या प्रवाशाला या कथेत घाबरण्यासारखे काय होते हे चटकन कळत नाही. पण कथेतला दुसरा भाग त्याला हळूहळू, शहरात चार दिवस फिरल्यावर उमगतो: या शहरात जे पाहायला यावे ते कोणीतरी आधीच टिपून नेलेले असते.

दीपस्तंभाचेच पाहावे. जगातल्या सात आश्चर्यांत मोजलेला, शंभर मीटरहून उंच, इ.स.पू. २८० च्या सुमारास फारोस नावाच्या बेटावर उभा राहिलेला तो मनोरा पाहायला म्हणून प्रवासी समुद्रकाठच्या लांबलचक कॉर्निश रस्त्याने पश्चिमेकडे चालत जातो, आणि टोकाला त्याला भेटतो तो सुलतान कायतबायचा किल्ला. १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांनी मनोरा खिळखिळा केला. मोरोक्कोहून निघालेल्या इब्न बतूताने १३२६ मध्ये त्याची एक बाजू ढासळलेली पाहिली आणि १३४९ मध्ये परतताना त्याला आत शिरायला वाटही उरली नव्हती. १४७७ मध्ये सुलतानाने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला तेव्हा पडलेल्या मनोऱ्याचे दगड आयतेच हाताशी होते. पडक्या गढीचे दगड वाड्याच्या जोत्यात आणि वाड्याचे दगड गोठ्याच्या भिंतीत गेलेले पाहणाऱ्या मराठवाडी माणसाला यात नवल वाटत नाही. काही दगड पाण्यात गेले, आणि १९९४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-इव्ह एम्परर यांच्या पाणबुड्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळाला पडलेले प्रचंड तुकडे मोजायला सुरुवात केली. बेट आणि गाव यांना जोडणारा सात स्टेडियम लांबीचा बांध होता (स्टेडियम हे ग्रीक अंतराचे माप, एक म्हणजे सुमारे १८० मीटर). त्याच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला, बांधाची जमीन झाली आणि जमिनीवर वस्ती झाली. आता तिथे मासळीबाजार आहे, बोळ आहेत, गच्च्या आहेत. आपण बांधावरून चाललो आहोत हे पावलांना कळत नाही. मनोरा गेला, बेटपण गेले, आणि बेटाचे नाव तेवढे कित्येक भाषांत ‘दीपस्तंभ’ या अर्थाने रुजले: फ्रेंचमध्ये फार, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये फारो. दिवा विझल्यावर शब्द पेटत राहावा असा हा प्रकार.

इथल्या जळालेल्या ग्रंथालयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही प्रत्येक जण तिथे जातोच. प्राचीन ग्रंथालयाची एक वीटही निश्चयाने दाखवता येत नाही; जे दाखवले जाते ते २००२ मध्ये उघडलेले नवे ग्रंथालय, समुद्राकडे कललेल्या प्रचंड तबकडीसारखे, आणि त्याच्या अस्वानी ग्रॅनाइटच्या वळणदार भिंतीवर जगातल्या सव्वाशेच्या घरातल्या लिप्यांची अक्षरे कोरलेली. भिंतीपुढे उभा राहिलेला प्रत्येक देशाचा माणूस एकच गोष्ट करतो: आपले अक्षर शोधतो. मान वर करून, डोळ्यांवर हाताची सावली धरून चाललेला तो शोध पाहत राहावा असा असतो. पंढरपूरच्या वाळवंटात हरवलेले माणूस शोधणाऱ्यांच्या माना अशाच वळतात. पाँपेचा स्तंभ म्हणून जो सत्तावीस मीटरांचा तांबूस खांब शहराच्या दक्षिण भागात उभा आहे तो पाँपे या रोमन सेनापतीचा नाही, डायोक्लेशन या सम्राटाच्या मानार्थ पाँपेनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी उभारलेला आहे. पण चुकीचे नाव बसले ते बसले. एकूण या शहरात नावे आणि वस्तू यांची ताटातूट झालेली आहे, आणि दोघे एकमेकांना फारसे शोधतही नाहीत.

या शहराची अत्यंत वाचनीय मार्गदर्शिका ज्याने लिहिली तो ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मित्राकडे राहून वेरूळची लेणी पाहून गेलेला होता. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसच्या कामासाठी तो अलेक्झांड्रियात काही वर्षे राहिला आणि १९२१ मध्ये देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून आला. १९२२ मध्ये अलेक्झांड्रियात छापलेल्या त्याच्या पुस्तकाचे पुढे जे झाले ते त्या शहराला शोभेसेच होते. गोदामाला आग लागून प्रती जळाल्या असे त्याला कळवण्यात आले, विम्याची भरपाईही मिळाली, नंतर त्याच प्रती तळघरात सुखरूप सापडल्या, आणि भरपाई घेऊन झाली होती म्हणून त्या मुद्दाम जाळण्यात आल्या. जळालेल्या ग्रंथालयाच्या गावी याहून वेगळे काय व्हायचे!

ज्या वाटेने मराठवाड्यातला प्रवासी आज विमानाने काही तासांत जातो त्या वाटेने त्याच्या मुलखातला माल फार पूर्वी जात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रंथ आहे. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या नाखव्यासाठी केलेली टिपणवही, कोणत्या बंदरात काय मिळते, काय खपते आणि कुठे खडक आहेत हे सांगणारी. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांची नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड, मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड गाड्यांत घालून, रस्ता म्हणावा असा रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेत, असे तो लिहितो. मोलोखिनाचा अर्थ कोणी अंबाडी-भेंडीच्या कुळातल्या एका फुलाच्या जांभळट रंगाचे कापड असा लावतात, कोणी त्या झाडाच्या धाग्याचे कापड असा. रंगाऱ्यांच्या गावचा वाचक पहिल्या अर्थाकडे झुकला तर त्याला दोष देता येणार नाही.

पैठणच्या गाड्यांना भडोचला जायचे तर वेरूळ-कन्नडच्या पठारावरून येऊन सातमाळा डोंगराच्या कडेने खाली खानदेशात उतरावे लागे, आणि त्या उतारापाशीच, देवगाव रंगारीच्याच तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून खोदल्या गेलेल्या या लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. पैठणचा मितदेव हा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला, त्यांत आहे. राजवैद्य मगिल आहे. आणि दगडाच्या एका यक्षाच्या तळहातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराने आपले नाव लिहून ठेवले आहे. अत्तराचा धनी खांब देतो, सोनार यक्ष घडवतो, घाटाखालच्या धुरळ्यात बैल धापा टाकत उभे असतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने ‘बैठण’, म्हणजे पैठण, ही पुळुमावी या सातवाहन राजाची राजधानी म्हणून नोंदवली, आणि त्याने दिलेले ‘पेतिरगल’ हे नाव पितळखोऱ्याचे असावे असे काही अभ्यासक मानतात. हा गृहस्थ या बाजूला कधी आला नाही. बंदरावर उतरणाऱ्या खलाशांना आणि व्यापाऱ्यांना विचारून विचारून त्याने नावे गोळा केली असणार; म्हणजे कन्नडच्या डोंगरातले एक नाव कोणाच्या तरी तोंडून, भडोच आणि तांबडा समुद्र ओलांडून, थोडे झिजून, त्या धक्क्यापर्यंत पोचले असावे.

उलट दिशेने जे येई त्याची यादीही पेरिप्लसमध्ये आहे: इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, सुरमा, हातभर रुंदीचे रंगीबेरंगी पट्टे, आणि पोवळी. पट्टे वाचून हसू येते, कारण रंगाऱ्यांच्या देशाला रंगीत कापड विकण्याची हिंमत व्यापाऱ्यातच असू शकते. पण पोवळ्यापाशी थांबावे लागते. भूमध्य समुद्राच्या तळाशी वाढणारे लाल पोवळे आजही नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावी घासूनपुसून जगभर जाते, आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही सराफकट्ट्यावर मंगळाच्या अंगठीसाठी निघणाऱ्या डबीत असे खडे असतात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त पोवळ्याचा एक प्रकार ‘आलकंदक’ म्हणून दिला आहे, आणि तो शब्द अलेक्झांड्रियावरून आला असे बऱ्याच पंडितांचे मत आहे. गोव्याकडे चवळीच्या एका जातीला अळसांदे म्हणतात, त्याचाही संबंध काही जण त्याच शहराशी जोडतात. हे खरे असेल तर साप्ताहिक बाजारात मापाने विकले जाण्याइतके हे शहर घरचे झाले म्हणायचे.

वस्तूंबरोबर माणसेही गेली असणारच. पहिल्या शतकाच्या आगेमागे डायो क्रिसोस्टम या वक्त्याने अलेक्झांड्रियाच्या नागरिकांना त्यांच्या थिल्लरपणाबद्दल भर सभेत झाडले, तेव्हा श्रोत्यांत अरब, इराणी यांच्यासोबत थोडे भारतीयही बसलेले असल्याचा त्याने उल्लेख केला. ते कोण, कुठले, काय विकायला आले होते, हे त्याने विचारले नाही. अलीकडे तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके या जुन्या बंदरात झालेल्या उत्खननात सातवाहनांची दोन नाणी मिळाली, आणि त्याच जागी २०२२ मध्ये बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती मिळाली. दगड भूमध्य समुद्राच्या परिसरातला, आणि मूर्ती बहुधा अलेक्झांड्रियातच घडवलेली, असे उत्खनन करणाऱ्यांना वाटते. इथला देव, तिथला दगड आणि बंदरातली भिक्षा असा हा मामला. आजच्या इजिप्तच्या रस्त्यावर मात्र भारतीयाचे स्वागत दोन तऱ्हांनी होते. टॅक्सीवाला आधी अमिताभ बच्चनची चौकशी करतो. आणि भाव करताना दुकानदार आपसांत बोलू लागले की ‘मला काय हिंदी समजलास?’ हा तिकडचा वाक्प्रचार कानावर येऊ शकतो, ज्यात हिंदी म्हणजे भोळसट, सहज फसणारा. याच बोलीत ‘नीला’ म्हणजे नीळ, आणि ‘तुला नीला येवो’ ही शिवी, कारण सुतकात कपडे निळीत बुडवण्याची तिथे चाल होती. इथला माणूस आणि इथला रंग, दोघांचीही त्या गल्लीत अशी संभावना व्हावी यावर रागवावे की जुन्या ओळखीची खूण म्हणून ते चालवून घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

या वाटेवरून गेलेला एक प्रवासी अजून परतलेला नाही. इटलीतल्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात ती सापडली, आणि पाँपेई हे समुद्रकाठचे गाव इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले असल्याने ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. दोन बाजूंना दोन दासी, अंगभर दागिने, डोक्यातून खाली गेलेले भोक. कोणी तिला लक्ष्मी म्हणतात, कोणी यक्षी, आणि कोणी छोट्या चौरंगाचा पाय. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात आणि तेरलाही तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, तेव्हापासून तिचे माहेर याच बाजूला असावे असे मानले जाते. परदेशात गावाकडचा माणूस भेटला की बोलण्याआधी त्याच्या बसण्या-उभे राहण्यातच ओळख पटते. काचेपलीकडे एक पाय दुसऱ्यावर तिरपा टाकून, कमरेत किंचित मुडपून ती उभी आहे, आणि तिच्या हातापायांतल्या भरगच्च कड्यांची घडण कोणत्या बाजूची हे सांगायला पाटी वाचावी लागत नाही. तिच्या पाटीवर मात्र माहेरगावाचा दुसरा शब्द नाही.

आता रंगाकडे यायला हवे. पेरिप्लसमध्ये सिंधूच्या मुखावरच्या बंदरातून जाणाऱ्या मालात ‘भारतीय काळा’ म्हणून जो जिन्नस आहे तो बहुधा नीळ. ग्रीकांनी तिला ‘इंडिकोन’ आणि रोमनांनी ‘इंडिकुम’ म्हटले, म्हणजे नुसतेच ‘भारताचे ते’. प्लिनी हा रोमन लेखक तिला बोरूच्या फेसावर जमणारा चिखल समजला. मात्र कबुतराची विष्ठा निळीत रंगवून भेसळ करतात हे त्याला बरोबर ठाऊक होते, ज्यावरून गिऱ्हाइकाला झाड कळले नाही तरी लबाडी कळते एवढे सिद्ध होते. प्रत्यक्षात नीळ हे एक झुडूप आहे, आणि त्याचा रंग पानात दिसत नाही. पाने पाण्यात आंबवतात, पाणी ढवळून ढवळून त्यात हवा मिसळतात, तळाशी बसलेला निळा गाळ सुकवून त्याच्या वड्या पाडतात. या वड्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रंगारी त्यांना माठात पुन्हा आंबवतो, चुना आणि गूळ असे काही घालून त्यांचा निळेपणा काढून घेतो, आणि हिरवट-पिवळ्या झालेल्या त्या पाण्यात पांढरे कापड बुडवतो. कापड बाहेर येते तेव्हा तेही हिरवट-पिवळेच असते. क्षण-दोन क्षण काही घडत नाही. मग कडांपासून, जिथे हवा आधी लागते तिथून, हिरवे मावळत निळे चढू लागते. घडीच्या आत अजून पिवळे आणि बाहेर निळे असे ते अर्धवट कापड रंगारी झटकतो, उलटतो, पुन्हा बुडवतो. जितक्या बुड्या तितका रंग गडद. निळीच्या या कामात वाकबगार असलेल्यांना महाराष्ट्रात निराळी म्हणत. ‘वेगळी’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो हा योगायोग, पण माठापाशी बसून पाहिले तर तो शोभून दिसतो.

संस्कृतातली ‘नीली’ फारसीत ‘नील’ झाली, अरबीत ‘अन्-नील’, पोर्तुगीजांनी ती ‘अनिल’ म्हणून उचलली. आणि १८४० मध्ये फ्रित्शे या रसायनशास्त्रज्ञाने नीळ जाळून-गाळून एक तेलकट द्रव काढला तेव्हा त्याचे नाव याच शब्दावरून ‘अनिलीन’ ठेवले. हाच द्रव पुढे दगडी कोळशाच्या डांबरातून स्वस्तात मिळू लागला. १८५६ मध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने त्यातून जांभळा रंग काढला, आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. त्यानंतर दोन-तीन दशकांत निळीची शेते उठली, आणि गावोगावच्या रंगाऱ्यांनी माठ बाजूला सारून डबीतली पूड घेतली. भारतातून निघालेला शब्द असा तांबडा समुद्र, नाईल, भूमध्य समुद्र करीत शेवटी डबीच्या झाकणावर बसून परत आला, आणि त्याने रंगाऱ्याचे काम संपवले. देवगावाच्या पाटीवरचा दुसरा शब्द त्यानंतरही पाटीवर राहिला.

वाटा अशाच हलतात. सुएझ कालवा होण्याआधी मुंबईला येणारा विलायती प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरे, तिथून बोटीने आणि उंटाने, नंतर १८५८ पासून थेट रेल्वेने, सुएझ गाठे आणि तिथे पुन्हा बोटीत बसे. १८६९ मध्ये कालवा उघडला आणि बोटी अलेक्झांड्रियाला वळसा घालून पोर्ट सैदहून जाऊ लागल्या. मुंबईहून वेरूळ पाहायला निघालेला प्रवासी त्या काळात नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने येई, आणि नांदगाव-वेरूळच्या त्या रस्त्यावरच देवगाव रंगारी आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादला रेल्वे झाली आणि टांग्यांचा तो ओघ आटला. मुंबई आणि अलेक्झांड्रिया यांची तेजी मात्र एकाच वेळची. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात दोन्ही शहरांनी कापसाच्या भावावर हवेत इमले बांधले. कन्नडच्या काळ्या रानात आजही कापूस वेचतात आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशातही वेचतात. पांढरे सोने म्हणण्याची रीत दोन्हीकडे आहे, आणि त्या सोन्याने हात पोळण्याचीही.

कॉर्निशपासून आत वळले की अलेक्झांड्रियाच्या जुन्या इमारतींचे सज्जे दिसतात; खाऱ्या वाऱ्याने गिलावा उडालेला, लोखंडी कठडे गंजलेले, आणि प्रत्येक सज्ज्याला दोऱ्यांवर धुणे. पांढरे लांब गलाबिया, चादरी, अभ्रे समुद्राच्या वाऱ्याने फुगलेले असतात, आणि नीट पाहिले तर त्यांच्या पांढरेपणात किंचित निळसर झाक असते. घरोघरी कपडे धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्यात निळी पूड घालतात. तिथे तिला ‘झहरा’ म्हणजे फूल म्हणतात, आणि देवगावात धोतराला, टोपीला, शाळेच्या सदऱ्याला तीच देतात तेव्हा तिला नीळ म्हणतात. या पुडीचा निळीच्या झाडाशी आता काही संबंध उरलेला नाही; ती दुसऱ्याच रसायनाची आहे. वरच्या सज्ज्यातली बाई एक चादर पिळून झटकते, चार थेंब खाली बोळात फरशीवर पडतात, आणि वाळण्याआधी थोडा वेळ त्यांचा रंग दिसतो.